काहीही पुसलं जात नाही

"वाचा," गुरुजी म्हणाले आणि ते पान त्यांनी माझ्यापुढं सरकवलं. "मोठ्यानं वाचा. माझं कुठं चुकलं, ते मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

पान मीच लिहिलेलं होतं. गुरुजींनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं होतं, शाळा सोडल्याचा दाखला जपावा तसं. प्रत्येक ओळीच्या शेवटी लाल शाईनं बरोबरची बारीक खूण होती. चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेला हात तो, वाचलेली ओळ खूण केल्याशिवाय सोडत नव्हता.

मी वाचायला लागले. "'पाटी' ही आज्ञा डिस्क पुसून नव्यानं वापरायला तयार करते. आज्ञेपुढं दोन आडव्या रेघा देऊन पर्याय लिहावा. 'खूण' हा पर्याय दिल्यास डिस्कला नाव देता येतं. 'खोल' दिल्यास डिस्क तळापासून पुसली जाते, मग तिच्यातलं काही परत मिळत नाही. 'सराव' दिल्यास…"

"थांबलात का?"

"'सराव' दिल्यास आज्ञा काय करणार आहे ते नुसतं पडद्यावर दिसतं. सेटिंगच्या फाईलमध्ये काहीही लिहिलेलं असलं तरी इथं दिलेला सराव त्याहून वरचढ. कोणती डिस्क कोणती अशी शंका आल्यास दोन्ही डिस्कवर सराव करून पाहावा. भिऊ नये. काहीही पुसलं जात नाही."

"भिऊ नये," गुरुजी म्हणाले. "हे वाक्य मला फार आवडलं होतं बघा. मशीनच्या पुस्तकात असं कोण लिहितंय?"

याला आता तेरा वर्षं झाली. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि कराडला एका लहानशा ऑफिसात कामाला होते. इंग्रजी न येणाऱ्या माणसालाही कॉम्प्युटरशी मराठीत बोलता यावं, म्हणून आम्ही मराठी आज्ञा तयार करायचो आणि त्या घातलेली जुनी मशीनं गावोगावच्या वाचनालयांना, शाळांना वापरायला द्यायचो. बोधे सर प्रोग्रॅम लिहायचे. मी त्यांची पानं लिहायची. कोणता पर्याय दिला की काय होतं, दिला नाही तर काय गृहीत धरलं जातं, कोणती गोष्ट कायमची ठरवून ठेवता येते, हे सगळं त्यात यायचं. पानाच्या तळाशी सगळ्या पर्यायांचा तक्ता असे आणि त्याचा शेवटचा रकाना बोधे सरांनी स्वतः आखलेला असे. त्या रकान्याचं नाव 'हात'. ज्यानं तो पर्याय स्वतः चालवून पाहिला, त्यानं तिथं आपली आद्याक्षरं घालायची. सर म्हणायचे, "प्रोग्रॅम काय करायला हवा ते मला विचारा. काय करतो ते मशीनलाच विचारा."

सरावाच्या ओळीपुढं 'मृ. को.' होतं. मृदुला कोठावळे.

आंबेदऱ्याच्या येसुगडे गुरुजींचा ऑफिसात फोन आला होता. आवाज इतका खोल गेलेला की सरांना नाव दोनदा विचारावं लागलं. डिस्क पुसली गेली म्हणाले. सरांनी ती मागवून घेतली, पुण्याला एका ओळखीच्याकडं पाठवली. कोरी परत आली. मग त्यांनी मला एसटीत बसवलं. "जाऊन बघा काय झालं ते. आपलं काही चुकलं असेल तर कळायला पाहिजे."

त्या डिस्कवर मोटेची गाणी होती. विहिरींवर इंजिनं आली, मोटा माळ्यावर गेल्या, चामडं कुत्र्यांनी ओढून नेलं. गाणी तेवढी म्हाताऱ्यांच्या गळ्यात उरली होती. गुरुजी निवृत्त झाल्यावर सायकलवर टेप बांधून अकरा वर्षं वाड्यावस्त्या फिरले. एकोणीस माणसांचे आवाज जमवले. कॅसेटींना बुरशी धरली तेव्हा सगळं डिस्कवर उतरवून त्या टाकून दिल्या. त्यातली चौदा आता नव्हती.

"काय काय केलंत, सांगाल?" मी विचारलं.

गुरुजींनी वही उघडली. केलेली प्रत्येक गोष्ट त्यांनी आधी वहीत लिहिली होती, मग मशीनवर. "दुसरी नवी डिस्क आणली. म्हटलं, एक प्रत असावी. नवी तयार करायची तर नवी कुठली नि जुनी कुठली हे आधी कळायला हवं. दोन्हींचं नाव सारखंच अगम्य. म्हणून तुमच्या पानाप्रमाणं पहिल्या डिस्कवर सराव दिला."

"मग?"

"मग आकडे चढायला लागले. एक टक्का, दोन टक्के. मला वाटलं, काय सुंदर सराव आहे! खरोखरीचं वाटावं असा. खुर्ची ओढून बसलो. सुनेला हाक मारली, ये म्हटलं, बघ. तास गेला असेल. शंभर झाले तेव्हा मी टाळी वाजवली."

दाराशी त्यांची सून शालन उभी होती, हातात तांदळाचं सूप. "मी तवाच म्हनलं व्हतं, मामंजी, आपलं वय हाय का ह्ये खेळायचं? रेडू ऐकावा, गप पडावं."

"बरोबर आहे तिचं," गुरुजी म्हणाले.

मी वहीतली आज्ञा वाचली. एकही अक्षर इकडंतिकडं नव्हतं. मग सेटिंगची फाईल उघडली. शाळेच्या कॅमेऱ्याची कार्डं गुरुजींकडं साफ करायला यायची. दर वेळी तेच तेच लिहायला नको म्हणून त्यांनी तिथं तीन ओळी कायमच्या करून ठेवल्या होत्या: खोल होय, विचारणं नाही, सराव नाही. हेही माझ्याच पानात वाचून.

आज्ञेत सराव होय आणि फाईलमध्ये सराव नाही, अशी गाठ पडली तर कोण जिंकतं, हे मी चालवून पाहिलंच नव्हतं. पानातलं तेवढंच तपासायचं राहिलं होतं. ते पाहायचं तर एक जादाची डिस्क भरायची, जोडायची, पाऊण तास थांबायचं. त्या दिवशी सव्वापाच झाले होते, बहिणीच्या डोहाळजेवणाला मला साडी घ्यायला आई दुकानाबाहेर येऊन थांबली होती. जगातल्या सगळ्या आज्ञांमध्ये हातानं लिहिलेलं फाईलवर मात करतं. आपल्यातही तसंच असणार. मी वाक्य लिहिलं. 'भिऊ नये' हे तर नुसतं गोड वाटलं म्हणून घातलं. आणि रकान्यात नाव टाकलं.

"हातात मृ. को. आहे," गुरुजी म्हणाले. त्यांचं बोट त्याच रकान्यावर होतं. "म्हणजे तुम्हीच ना? तुम्ही स्वतः करून बघितलेलं आहे."

"हो," मी म्हणाले.

"मग झालं." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "मग बोटच कुठंतरी भलतीकडं पडलं असणार. कापतात हल्ली."

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढं धरून दाखवले. मला तर ते कापताना दिसले नाहीत.

तेवढ्यात अंगणात चपला वाजल्या. पंचेचाळिशीचा एक गडी आत आला, डोक्याला टॉवेल, हातात गुळाची ढेप. मला बघून जरा थबकला.

"ये हिंदुराव," गुरुजी म्हणाले. "ह्या कराडच्या ताई. हा आमचा हिंदुराव थोरात, माझाच विद्यार्थी. ह्याचे वडील जोतीआबा. त्यांचीच बारा गाणी…" वाक्य तिथंच राहिलं.

हिंदुरावाच्या ते ध्यानात आलं नाही. "गुर्जी, उद्या आबाचं वर्षश्राद्ध. भावकी समदी येनार हाय. कर्णा सांगितलाय मी. तुमी यंत्र कवा घिऊन येताय? बैलगाडी लावू का मोटरसायकल?"

"बस जरा."

"बसायला सवड कुठली? आचारी आलाय. म्हातारी तर सकाळपास्नं चारदा इचारतीय, तुझा बा बोलंल न्हवं उद्या? म्हनलं, बोलंल. गाईल की!"

गुरुजी उठून उभे राहिले. आपल्या विद्यार्थ्यापुढं उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"हिंदुराव, आबाचा आवाज माझ्या हातनं पुसला गेला."

हिंदुराव हसला. थट्टा वाटली असेल. मग त्यानं शालनकडं बघितलं, तिनं मान खाली घातली.

"पुसला म्हंजी?"

"गेला. सगळ्यांचेच गेले. ह्या ताई तेच बघायला आल्यात. ह्यांचं पान बरोबर आहे. चूक माझी."

माझ्यापुढं कपात चहा होता, त्याच्यावर साय धरत होती. तोंड उघडून चार शब्द बोलायचे होते. मी कप उचलला आणि प्याले.

"गुर्जी," हिंदुराव म्हणाला, आणि त्याचा आवाज हळूहळू वर गेला, "तुमास्नी जमत न्हवतं तर हात कशाला लावला? आं? पोरं हायती की गावात शिकल्याली. मागच्या साली मी म्हनलं व्हतं, मोबाइलात घालून द्या एक. तर तुमी म्हनला, थांब, नीट प्रत करून देतो. ही नीट?"

"मला एक ओळ येते आबाची," गुरुजी घाईनं म्हणाले. "थांब. मी म्हणून दाखवतो." आणि त्या माणसानं, उभ्या उभ्या, हात जोडलेलेच ठेवून, सूर लावला:

"ये गं ये मोटंबाई, भरून ये गं वरी,
 ऊस माझा तान्हेला…"

पुढं अडलं. पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. पुन्हा त्याच ठिकाणी अडलं. त्यांनी हिंदुरावाकडं पाहिलं, जणू शाळेत उत्तराचा पहिला शब्द सुचवावा तशी पुढची ओळ आता त्यानं सुचवावी.

"मला कुठलं यायला?" हिंदुराव म्हणाला. "आबा मोटंवर गायचा तवा मी शाळंत असायचो. तुमच्या शाळंत."

गुळाची ढेप त्यानं खाटेवर ठेवली आणि निघून गेला. मीही दुपारच्या गाडीनं निघाले. गुरुजी थांब्यापर्यंत सोडायला आले. वाटेत एवढंच म्हणाले, "तुम्हांला उगीच हेलपाटा पडला."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे जेवायला गेल्यावर मी डिस्क भरली, फाईलमध्ये 'सराव नाही' लिहिलं आणि आज्ञेत 'सराव' दिला. आकडे चढायला लागले. एक टक्का, दोन टक्के. शंभर होईस्तोवर बघत बसले. सरांच्या प्रोग्रॅममध्ये फाईल शेवटी वाचली जात होती, म्हणून तीच जिंकत होती.

"काय निघालं आंबेदऱ्याचं?" सरांनी संध्याकाळी विचारलं.

"वय झालंय हो त्यांचं, सर. काहीतरी वेगळं दाबलं गेलं असणार."

असं मी म्हणाले. सरांना प्रोग्रॅममधली चूक मात्र सांगितली, सहज नजरेला पडल्यासारखी. त्यांनी ती दहा मिनिटांत दुरुस्त केली. पानातली 'वरचढ'चं आणि 'काहीही पुसलं जात नाही' ही दोन वाक्यं मी काढून टाकली आणि 'भिऊ नये'च्या जागी लिहिलं, 'महत्त्वाची डिस्क आधी काढून ठेवावी.' कुणाला काही कळलं नाही. रात्री जेवताना आई म्हणाली, डोहाळजेवणाची नवी साडी नेसून दाखव. मला ती नेसवली नाही.

तीन आठवड्यांनी गुरुजींचं पत्र आलं. मोत्यासारखं अक्षर, एकही खाडाखोड नाही. "आपण विश्वासानं दिलेलं यंत्र मी परत पाठवत आहे. माझ्या हातून जे घडलं त्यानंतर ते बाळगण्याचा मला अधिकार नाही. कुणा जाणत्या माणसास द्यावं. पानात कसलीही उणीव नाही, हे मी मुद्दाम लिहून देतो, कारण सौ. कोठावळेताईंना बोल लागू नये."

माझं लग्न झालं नव्हतं. त्यांनी आदरानं सौ. लिहिलं होतं.

"लावून ठेवा," सर म्हणाले आणि त्यांनी मला फाईल दाखवली. तिच्या पाठीवर लिहिलं होतं: 'वापरणाऱ्यांच्या चुका'.

मी पत्राला भोकं पाडली. फाईलच्या तारेत ओवलं. मग परत काढलं आणि सरांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

"सर, तो पर्याय मी चालवला नव्हता. नुसतं नाव घातलं. आणि तिथं गेल्यावर मला कळलं होतं."

सरांनी पत्र माझ्या हातातून घेतलं. "किती ठिकाणी गेलंय ते पान?"

"सदतीस."

"छत्तीस फोन करा. आत्ता."

"आणि गुरुजींना?"

"फोनवर सांगणार?" ते म्हणाले, आणि परत कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी आंबेदऱ्याला पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मशीनच्या टेबलावर आता कांदे पसरले होते. गुरुजी खाटेवर बसले होते, दाढी वाढलेली. शालननं मला बघितलं आणि हळूच म्हणाली, "बरं झालं आलात. पारावर जात न्हाईत, देवळात जात न्हाईत. कुनी काय बोलत नाय त्यास्नी, पर ह्येच म्हनत्यात, मानसं बघत्यात."

मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. साडीचंसुद्धा सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, पण तोंडातून निघालं.

माझं संपल्यावर गुरुजींनी एवढंच विचारलं, "त्या दिवशी हिंदुराव इथं बसला होता. मी त्याला हात जोडले. तेव्हा तुम्हांला ठाऊक होतं?"

"खात्री नव्हती."

"ठाऊक होतं का?"

"हो."

त्यांनी आपले हात उलटे केले, सुलटे केले. "तीन आठवडे मी रोज बोटं बघतोय," ते म्हणाले. "सकाळी उठल्यावर पेला धरून बघतो, पाणी हलतंय का. नाही हलत. तरी वाटायचं, त्या दिवशी हललं असेल."

"गुरुजी, मी—"

"मला काय सांगता? हिंदुरावाला सांगा. नाक्याच्या वर त्याचं रान आहे. आत्ता पाणी पाजत असेल. मी येणार नाही संगं." आणि मी दाराशी पोचले तेव्हा मागून आवाज आला, वर्गातला, कडक: "आणि साडीचं सांगू नका. ते कारण नव्हे."

गव्हाचे वाफे उतारावर पायऱ्यांसारखे पसरले होते. वर मोटर घुमत होती, पाटानं पाणी धावत येत होतं. हिंदुराव चिखलात पिंढरीपर्यंत उभा होता, हातात खोरं. मला त्यानं ओळखलं, पण काम थांबवलं नाही. मी बांधावरूनच बोलले, मोटरच्या आवाजावरून ऐकू जावं म्हणून ओरडून. अशी गोष्ट ओरडून सांगावी लागते तेव्हा तिच्यावर कसलंच पांघरूण घालता येत नाही.

"म्हंजी," तो म्हणाला, "गुर्जींनी न्हवतं पुसलं?"

"नाही. त्यांनी पानात होतं तस्संच केलं. पान खोटं होतं. मी लिहिलेलं."

"मग त्यांनी का म्हनलं आपली चूक?"

"मी त्यांना तसं वाटू दिलं."

त्यानं खोरं चिखलात रोवून माझ्याकडं बघितलं. राग दिसला असता तर मी झेलला असता. पण तो दुसरंच काहीतरी मोजत होता मनात. "वर्षश्राद्धाला आलं व्हतं म्हातारं," तो म्हणाला. "पंगत उठस्तोवर मांडवाबाहेर हुबं. आय म्हनली, वाढ त्यास्नी. मी म्हनलं, आपल्या हातानं घेत्याली. मी वाढलं न्हाई, बाई. ज्यानं मला अक्षर शिकिवलं त्याला मी ताट वाढलं न्हाई. गेलं तसंच."

त्यानं पाय चिखलातून ओढून काढले, बांधावर चढला, वाफ्याकडं मागं बघितलं आणि घोटाळला. पाणी चालू होतं. मग खोरं माझ्या हातात दिलं.

"धरा. लाइट सहाला जातीया, तवर सोडून जाता यायचं न्हाई. ह्यो वाफा भरला की त्याचं दारं माती टाकून बंद करायचं, न् पुढचं मोडून पानी सोडायचं. कळलं?"

"मला येत नाही हे."

"यील," तो म्हणाला आणि पळतच सुटला, तसाच चिखलाच्या पायांनी, गावाच्या दिशेनं.

मी चपला काढल्या आणि उतरले. पाणी बर्फासारखं गार होतं. पहिलं दारं मोडलं ते चुकीच्या बाजूनं. पाणी बांध फोडून वाटेवर गेलं. हातानं माती ओढून ते बुजवलं. दुसरा वाफा भरायला वेळ लागला. तिसऱ्यात पाणी कोपऱ्यापर्यंत पोचेना, तेव्हा खोऱ्यानं चर ओढून ते तिथवर न्यावं लागलं. खालच्या रस्त्यावरून कराडची शेवटची एसटी गेली. मी बघितलं, हात केला नाही.

हिंदुराव आला नाही. सूर्य डोंगराला टेकला, मोटर घुमतच होती. चौथा वाफा काठोकाठ भरला, गव्हाची पाती पाण्यात हलायला लागली. मी वाकून पुढचं दारं मोडलं.